आवाज फुटलेली राणी

धारगळच्या हायवेवर कलिंगडांच्या मांडवातून "या हो भाऊजी, बसा जरा सावलीत" असा गोड बायकी आवाज आला की गाडीवाले ब्रेक मारायचे. उतरून बघतात तर समोर लुंगी-बनियनवाला काटकुळा बाप्या! काहीजण हसायचे, काहीजण ओशाळायचे, पण रिकाम्या हातानं परत गेलेला मी कोणी पाहिला नाही. हा आमचा गुणाजी, माझ्या शेजारचा. मी लग्न होऊन त्या वाड्यावर आले तेव्हा हा चड्डी सावरत शाळेत जायचा, म्हणून मी त्याची काकी. बाकी गावाला मी नर्सबाय. सरकारी दवाखान्यात जन्म गेला माझा लोकांना सुया टोचण्यात, पण गुणाजीनं मला कधी नर्सबाय म्हटलं नाही.

आता मी मुरगावला मुलाकडे असते. जनेलातून बंदर दिसतं, जहाजं दिसतात, बोलायला मात्र कोणी नाही. परवा बाजारात एक बाई सुरंगीचे वळेसर, म्हणजे केसात माळायचे गजरे, घेऊन बसली होती. वास आला आणि माझे पाय तिथेच थांबले. गुणाजी आठवला. आता गंमत बघा, ज्याच्या आठवणीला सुरंगीचा वास आहे, त्या माणसाला स्वतःला तो वास जन्मात कधी आला नाही. पण हे आम्हाला कळायला फार वर्षं जावी लागली.

गुणाजी दशावतारात स्त्रीपार्टी होता. आमच्या पेडण्यात देवळाच्या जत्रेला दशावतार होतो आणि त्यात बायकांची कामं बाप्येच करतात. ह्या नाटकाला लिहिलेलं काही नसतं. सुरू व्हायच्या आधी मंडळाचा मालक नटांना जमवून कथा सांगतो. तू राजा, तू राणी, तू राक्षस. राजा शिकारीला जातो, राक्षस राणीला पळवतो, झालं! पुढचं बोलणं ज्याचं त्यानं उभ्या उभ्या रचायचं. गुणाजीची राणी बघायला लोक डिचोलीहून यायचे. दुसरे स्त्रीपार्टी घसा आवळून बोलत, ह्याचा आवाज मुळातच बारीक. राणी रडली की पुढे बसलेल्या बायका नाकं पुसायच्या, आणि माझा नवरा, जो स्वतःच्या बापाच्या तेराव्यालाही रडला नव्हता, तो "धूर डोळ्यात गेला" म्हणून बाहेर जायचा. कसला धूर नि कसलं काय!

फोनवर तर विचारू नका. एकदा वीज खात्यातून फोन आला, "मॅडम, घरात कोणी पुरुष माणूस असेल तर द्या." गुणाजीनं "थांबा हां" म्हणून फोन लांब धरला, घसा खाकरला आणि पुन्हा त्याच आवाजात म्हणाला, "हां, बोला. मीच तो पुरुष माणूस." सांगताना स्वतःच इतका हसायचा की कलिंगड हातातून पडायचं.

त्याला एक सवय होती. काही अडलं, कोणी आडवा प्रश्न विचारला, की उजवा हात डाव्या खांद्यावर जायचा आणि तिथे नसलेला पदर सारखा करायचा. "थांब, पदर सारखो करूक दी," म्हणायचा. तेवढ्यात त्याला उत्तर सुचायचं. अंगात बनियन असो की लग्नातला कोट, पदर होताच. त्याची आई पार्वतीवयनी कपाळाला हात लावायची आणि म्हणायची, "पुरे रे तुझो तो पदर!"

आणि आंबे. सगळं जग आंब्याच्या देठाशी नाक लावून आंबा निवडतं. गुणाजीही लावायचा, डोळे मिटायचा, "व्वा!" म्हणायचा. पण मी मेली नर्स, माझं लक्ष हातांकडे. त्याच वेळी त्याचा अंगठा आंब्याच्या कुशीवर हळूच दाबत असायचा. मला वाटायचं, पक्का व्यापारी आहे, दोनदा खात्री करतो. एकदा त्यांच्या घरात गॅस गळत होता, वास माझ्या अंगणापर्यंत आलेला, आणि हा शहाणा चुलीपुढे काडी ओढायच्या बेतात उभा! रोहिणीनं धावत येऊन पेटी हिसकावली नसती तर मंडळाची राणी त्याच दिवशी सती गेली असती. सगळे म्हणाले, नाटकाच्या तंद्रीत असतो. मीही तेच म्हणाले.

रोहिणी म्हणजे त्याची बायको, लाटंबार्सेची. काजू-भातशेतीवाल्यांच्या घरातली, कामाला वाघीण. तिनं ह्याला पहिल्यांदा बघितलं तेच राणीच्या वेषात. घरी जाऊन आईला म्हणाली, लग्न करीन तर ह्या राणीशीच. घरच्यांनी दोन महिने तिला वेड्यात काढलं, मग हात टेकले. सुरंगी फुलायच्या दिवसांत ती पहाटे उठून कळे ओवायची आणि वळेसर केळीच्या पानात बांधून त्याच्याबरोबर द्यायची. राणी रंगमंचावर यायच्या आधी तिच्या केसातली सुरंगी मांडवात यायची. प्रयोगाहून परतला की गुणाजी तोच कोमेजलेला वळेसर नाकाशी धरून तिला म्हणायचा, "रोहिणी, काय घमघमता गे!" आणि ती लाजायची. दृष्ट लागावी असं जोडपं.

दृष्टच लागली म्हणायची, कारण मूल होईना. एक वर्ष गेलं, तीन गेली, सहा गेली. आमच्याकडे अशा वेळी सगळ्यांची बोटं कुणाकडे जातात ते मी सांगायला नको. रोहिणीच्या तपासण्या झाल्या, रक्त झालं, सोनोग्राफी झाली, काढे झाले, उपास झाले. सगळं उत्तम निघालं. मी पार्वतीवयनीला म्हटलं, "वयनी, सुनेचं सगळं बघून झालं, आता एकदा गुणाजीचं बघूया."

"माझ्या झिलाक काय जालां?" ती कडाडली. "राणीचो पार्ट करता म्हणून तो काय बायल जालो?"

त्यानंतर चार दिवस तिनं माझ्याकडे बघितलं नाही. बाई वाईट नव्हती हो. सुनेच्या ताटात मासळीचा मधला तुकडा वाढणारी सासू होती ती. पण मुलाबद्दल असा विचार तिच्या डोक्यात शिरायला वाटच नव्हती.

दरवर्षी जत्रेच्या सकाळी ती रोहिणीला घेऊन देवळात जायची, गाऱ्हाणं घालायला. देवाच्या पायरीवर मानकरी उभा राहतो आणि कुणाचं काय अडलंय ते मोठ्यानं देवाला सांगतो. जमलेला गाव प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून साक्ष देतो. "ह्या तुझ्या लेकराची कूस भरून दी रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" आणि रोहिणी खाली मान घालून उभी. प्रेमानंच म्हणायचे सगळे, पण तिच्या जागी उभं राहून बघा एकदा.

एका दुपारी ती माझ्या सोप्यावर येऊन बसली. "काकी," म्हणाली, "ह्या वर्सा मी थंय उबी रवाचंय नाय. सगळो गाव माझ्या पोटाकडे बघता."

मी काही बोलायच्या आत वईच्या, म्हणजे कुंपणाच्या, पलीकडून आवाज आला. गुणाजी तिथेच उभा होता, कधीपासून कोण जाणे. त्याचा हात खांद्यावर गेला, पदर सारखा झाला.

"काकी, माका खंय दाखवूचा ता सांग," तो म्हणाला.

मी दोघांना म्हापशाला घेऊन गेले. हार्मोनची तज्ज्ञ होती एक, तरुण, कोल्हापूरकडची, बोलायला सडेतोड. गुणाजीचा आवाज ऐकून ती हसली नाही, तिथेच मला आवडली. तिनं त्याला आत नेऊन नीट तपासलं, रक्ताचे कागद चाळले आणि बाहेर येऊन आमच्यासमोर बसली.

"दाढी रोज करता?"

"जत्रेच्या दिसांनी करतंय."

"इतर वेळी?"

"येताच खंय ती!"

"बरं. वास येतो तुम्हाला?"

हात खांद्यावर. "येता मगे. कोणाक येणा नाय?"

मला वाटलं, ही काय विचारते आहे! मूल कुठे, नाक कुठे! डॉक्टरीणबाईंनी त्याला डोळे मिटायला सांगितले, खणातून एक डबी काढली, झाकण उघडून त्याच्या नाकाखाली धरली. "सांगा, कसला वास?"

गुणाजीनं छाती भरून श्वास घेतला. चेहरा असा खुलला, की समोर तीन हजार माणसांनी भरलेला मांडव असावा. "व्वा!" तो म्हणाला. "काय घमघमता! कॉफी मगे?"

बाईंनी ती डबी शांतपणे रोहिणीसमोर आणि माझ्यासमोर धरली. रिकामी! धुऊन पुसून कोरडी केलेली डबी. माझ्या तोंडून "अगो बाय!" निघालं. रोहिणी डबीकडे बघतच राहिली, मग म्हणाली, "आनी सुरंगी? माझी सुरंगी?"

गुणाजीनं डोळे उघडले, डबी बघितली.  मग म्हणाला, "माका वाटायचा, सगळेच असा करतत. फूल नाकाकडे धरूचा, डोळे मिटूचे, वा म्हणूचा. देवळात गेल्यार घांट वाजवतत, तशी ती पण एक रीत."

मग बाईंनी समजावलं. मेंदूतून एक निरोप निघतो, तो डोक्यातल्या एका छोट्या ग्रंथीला मिळतो आणि ती ग्रंथी अंगाला सांगते की आता वयात ये, दाढी येऊ दे, आवाज जाड कर, बी तयार कर. काही माणसांत हा निरोप जन्मापासून नीट निघतच नाही. आणि त्यातल्या काहींना वासही येत नाही, कारण पोटात असताना दोन्हींची जडणघडण जवळजवळ होते. मी सगळी नोकरी दवाखान्यात काढली, हे मलाही नवीन होतं. रोहिणीला अर्धं कळलं. पण गुणाजी एकदम पुढे सरकला.

"म्हंजे नट तयार आसत," तो म्हणाला, "पण मालकान कथाच सांगूक नाय."

बाईंना दशावतार ठाऊक नव्हता, मी सांगितला. मग त्या पहिल्यांदा हसल्या. "अगदी बरोबर. आता आपण ती कथा बाहेरून सांगायची. इंजेक्शननं. आधी एक, आठवड्यातून दोन-तीनदा. काही महिन्यांनी त्याच्या जोडीला दुसरं. वर्ष लागेल, दीड लागेल, जास्तही लागेल. मूल होईलच असं वचन मी देत नाही. पण पुष्कळ पुरुषांत कारणच सापडत नाही, तुमचं सापडलंय आणि ह्या कारणावर औषध आहे."

"वास येतलो?" रोहिणीनं विचारलं.

"नाही. वास नाही येणार." मग त्या गुणाजीकडे वळल्या. "आणि तुमचा आवाज फुटेल. चौदा वर्षांच्या मुलाचा फुटतो तसा. एकदा जाड झाला की मागे फिरणार नाही."



इंजेक्शनं आणली आणि माझ्या फ्रिजात ठेवली, दह्याच्या शेजारी. राहिली की तिथेच! मी रोज दही काढताना त्यांच्याकडे बघायची. गुणाजी मांडवात बसायचा, कलिंगडं विकायचा, माझ्या अंगणाकडे फिरकायचा नाही. मंडळाचा मालक येऊन रडकुंडीला आला, "अरे गुण्या, तुझी राणी गेल्यार मंडळाकडे रवता काय? खुळो झालंस?" एका मावसभावानं वेगळंच शहाणपण शिकवलं, जिममध्ये पॉवरचं इंजेक्शन मिळतं, चार घे, बाप्या होशील. त्याला मी झाडूनच काढलं. बाईंनी बजावलं होतं ना, ते तयार हार्मोन घेतलं तर मिशी फुटेल, पण आत बी व्हायचं ते उलट बंद पडेल. मिशी म्हणजे बाप होणं नव्हे रे बाबांनो!

आणि रोहिणी? जिच्यासाठी हे सगळं, तीच एक दिवस माझ्यासमोर त्याला म्हणाली, "नको घेव ता औषद. मी ह्या आवाजाबरोबर लगीन केलंय."

 गुणाजीनं ह्या वेळी पदरसुद्धा सारखा केला नाही. त्याचंच मला भय वाटलं तेव्हा. तो आवाज म्हणजे त्याची भाकरी नव्हती, भाकरी कलिंगडांवर चालायची. पण शाळेत ज्या आवाजावरून पोरांनी दगड मारले, त्याच आवाजानं त्याला राणी केलं होतं. तो काढून द्यायचा, तेही मूल होईल की नाही ह्याची खात्री नसताना! मी त्याला घे म्हणाले नाही, नको घेऊ असंही म्हणाले नाही.

जत्रेचा दिवस आला. सकाळी देवळासमोर गाव जमलेला. पार्वतीवयनीनं रोहिणीचा हात धरला आणि पायरीकडे चालली. रोहिणी मागे ओढत होती, पण चारचौघांत सासूचा हात झिडकारेल अशी ती नव्हे. मानकऱ्यानं हात जोडले, सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, आज तुझ्या पायाकडे गुणाजीची बायल उबी आसा..."

"थांब, दादा."

आवाज बारीक, पण मांडवाच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा. नटाचा आवाज तो. गुणाजी पुढे आला आणि रोहिणीला बाजूला करून तिच्या जागी उभा राहिला.

"हिच्या नावान नको. हिच्यात काय एक कमी नाय. कमी माझ्यात आसा. औषद माका घेवचा आसा. गाऱ्हाणा माझ्या नावान घाल."

 मानकरी बिचारा घामाघूम. कुशीचं गाऱ्हाणं त्याच्या आजापणज्यापासून पाठ होतं, पण बाप्यासाठी असं गाऱ्हाणं त्या पायरीवर कोणी घातलंच नव्हतं, त्याला शब्दच नव्हते. शेवटी त्यानं उभ्या उभ्या रचलं, "बा देवा म्हाराजा, हो तुझो गुणाजी... ह्या लेकराक जा काय उणा आसा ता पुरा कर... त्याच्या औषदाक येस दी रे म्हाराजा!"

कोणी उत्तर देईना. बाप्ये एकमेकांकडे बघतायत, कुणी खाली बघतोय.  आणि मग अगदी पुढून, मोठ्यानं, एकच आवाज आला. "व्हय म्हाराजा!"

पार्वतीवयनी होती ती. डोळ्यांतून धारा लागलेल्या, पण मान ताठ. तिच्यामागून सगळा गाव गरजला, मीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पोदेर पाव टाकून गेला नाही तोच गुणाजी माझ्या सोप्यावर हजर. मी सुई भरली. राक्षसाच्या तलवारीपुढे छाती काढणारी राणी सुई बघून पांढरी पडली.

"थांब गे काकी, पदर सारखो करूक दी."

"कर बाबा, कर," मी म्हटलं, आणि तो पदर सारखा करत होता तेवढ्यात टोचून टाकली.

पुढे काही महिने जी मजा झाली ती सांगितली तर आता तो मला मारील. तिशी उलटलेल्या माणसाच्या तोंडावर पुटकुळ्या! भूक अशी की पार्वतीवयनी भाकऱ्या थापून थकली. हनुवटीवर चार केस आले तर आरसा घेऊन मला दाखवायला आला. मधेच रागावून दार आपटायचा, मग स्वतःच येऊन माफी मागायचा. "काकी, माका काय जालां गे?" मी म्हणायची, "वयात आलास रे मेल्या! सोळावं लागलंय तुला." रोहिणी आत हसून लोळायची. त्या घरात इतकं हसू मी कधी ऐकलं नव्हतं.

आवाज थोडा घोगरा झाला होता, पण मालक म्हणायचा, चालता, सर्दी म्हणून खपवू. अशात कोणाकडे पूजेनिमित्त संध्याकाळचा प्रयोग ठेवलेला. मी, रोहिणी, वयनी पुढेच बसलेल्या. राजा वनवासाला निघतो, राणी त्याला अडवते. गुणाजीनं पुढे होऊन राजाचा हात धरला आणि हाक मारली, "प्राणनाथ..."

आणि आवाज फुटला. 'प्राण' वर गेला, 'नाथ' खाली आपटला, पहिल्यांदा बांग देणाऱ्या कोंबड्यासारखा. पोरं फिसकन हसली. त्यानं पुन्हा तोंड उघडलं तर ह्या वेळी सगळाच्या सगळा घोगरा, बाप्याचा आवाज. मांडवभर हशा. पायपेटीवाला वाजवायचा थांबला. राजाला काय करावं सुचेना. रोहिणीनं माझ्या मनगटात नखं रुतवली.

गुणाजीचा हात खांद्यावर गेला. आज तिथे खराच पदर होता. त्यानं तो नीट सारखा केला, सावकाश, आणि राजाकडे वळला.

"महाराज," तो त्याच फुटक्या आवाजात म्हणाला, "घाबरू नका. ही मीच आहे, तुमची राणी. एका ऋषीनं मला शाप दिलाय. ज्या आवाजावर तुम्ही प्रेम केलंत तो आवाज जाईल, आणि तो गेल्यावाचून माझी ओटी भरणार नाही. महाराज, मी आवाज दिला. आता देवानं त्याचं द्यावं."

हशा कुठल्या कुठे गेला. ही राणी काय बोलते आहे ते सगळ्या गावाला ठाऊक होतं! बायकांच्या पदराआड हुंदके, आणि मग पाठीमागच्या बाप्यांतून कोणीतरी ओरडलं, "व्हय म्हाराजा!" आणि सगळा मांडव उठला. "व्हय म्हाराजा! व्हय म्हाराजा!" राजा झालेला नट खराखुरा रडत होता. पायपेटीवाल्यानं सूर धरला आणि नाटक पुढे चाललं. त्या दिवशीच्या कथेत मालकानं शाप सांगितलाच नव्हता.

ती त्याची शेवटची राणी. नंतर मालकानं त्याला राजा केला, आणि देवा, काय तो राजा! तलवार काढायच्या आधी पदर सारखा करायचा. चालायचा तर नऊवारी नेसल्यासारखा. लोक हसायचे, पण त्याला टाळ्या कमी पडू दिल्या नाहीत त्यांनी.

आता वाटेल की इथून सगळं सरळ झालं. नाही हो. दुसरं इंजेक्शन सुरू झालं, वर्ष उलटलं, तपासणी झाली आणि बाई म्हणाल्या, बी अजून दिसत नाही. पुन्हा तपासणी, पुन्हा नाही. त्या दुपारी तो माझ्या पायरीवर येऊन बसला. नवा जाड आवाज त्याला अजून नीट बसला नव्हता, दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखा वाटायचा.

"काकी, आवाज गेलो. आनी हातात काय इला नाय."

मला रडू आलं, पण नर्सनं रडायचं नसतं. मी म्हटलं, "तुझ्या नाटकात राणी किती वेळ रडते रे, राजा परत येईपर्यंत?" "पाहट होयसर." "मग? अजून उजाडलंय कुठे? हात कर पुढे." त्यानं हात पुढे केला. त्या दिवशी तो पदर सारखा करायला विसरला.

आणखी काही महिन्यांनी म्हापशाहून फोन आला. बाईंनी स्वतः केला. गुणाजीनं ऐकलं, फोन ठेवला आणि भर हायवेवर मांडवाबाहेर येऊन ओरडला, "काकी! दिसले गे! थोडेच आसत, पण वळवळतत!" एक ट्रकवाला घाबरून थांबला, त्याला त्यानं कलिंगड फुकट दिलं. त्या वर्षी पावसाळा सरता सरता रोहिणीला मासळीचा वास नकोसा झाला, आणि सगळ्या घरात त्या बातमीवर सगळ्यात जास्त कोण नाचलं तर पार्वतीवयनी.

मुलगी झाली. मनू. पण गुणाजीला एक धास्ती होती, ती त्यानं फक्त मला सांगितली. बाईंनी म्हटलं होतं, हे दुखणं कधी कधी पुढच्या पिढीत उतरू शकतं, मुलीवर लक्ष ठेवा, घाबरू मात्र नका. लोक बाळाचं नाक कोणावर गेलंय ते बघायचे. हा बघायचा ते नाक चालतं की नाही.

मग हायवे रुंद झाला, मांडव गेला, आणि ती मंडळी लाटंबार्सेला रोहिणीच्या माहेरच्या काजूच्या बागेत राहायला गेली. मीही मुरगावला यायला निघाले, तर म्हटलं, जाण्याआधी एकदा भेटून येऊ. जाताना धारगळला सुरंगीचे दोन वळेसर घेतले.

बागेत काजूचा हंगाम चाललेला, बोंडूंचा वास सगळीकडे. रोहिणी बिया वेगळ्या करत होती. गुणाजी झाडाखाली मनूला मांडीवर घेऊन बसलेला, चांगली दाट मिशी, वर्षाची पोर ती मिशी ओढतेय. मी वळेसर त्याच्या हातात दिला. त्यानं सवयीनं नाकाशी नेला, मधेच थांबला, माझ्याकडे बघून हसला आणि नुसताच खाली घेतला. "व्वा" म्हणाला नाही.

मग त्यानं फणसाच्या पानाचे दोन द्रोण केले. एकात सुरंगी ठेवली, एक रिकामा. रिकामा मनूच्या नाकाशी धरला आणि स्वतः डोळे मिटून, छाती भरून, "व्वा! काय घमघमता!" असा अभिनय केला, की मलाही क्षणभर वास आल्यासारखं वाटलं. मनूनं त्या द्रोणात बघितलं, बापाच्या तोंडाकडे बघितलं आणि द्रोण ढकलून दिला. फसली नाही कार्टी!

मग त्यानं दुसरा द्रोण धरला, ह्या वेळी गप्प बसून, चेहऱ्यावर काही न दाखवता.  मनू हलायची थांबली. तिनं मान पुढे केली, नाक फुलांत खुपसलं, डोळे मिटले आणि असा लांब श्वास ओढला, की एक पाकळी तिच्या नाकालाच चिकटली.

"अगे रोहिणी!" गुणाजी ओरडला, आणि तो जाड आवाज मधेच घसरून वर गेला, तोच जुना, बारीक, आमच्या राणीचा. "अगे हिका येता गे! हिका वास येता!"

रोहिणी बिया टाकून धावत आली. मी पदरानं डोळे पुसले, धूर वगैरे काही नव्हता. गुणाजीनं मनूच्या नाकावरची पाकळी काढली, ती बोटावर धरून बराच वेळ बघितली आणि मला म्हणाला,

"काकी, ही बोलूक लागली काय पयला हिका ह्याच विचारतलंय, बाय माझे, कसो आसता गे सुरंगीचो वास?"